काजळी कुठे बसते

नायगावच्या शस्त्रागाराला खिडकी एकच,
तीही गजांमागे. तिच्यातून दिसतो
एका उंबराचा अर्धा बुंधा.
घोसाळकर मास्तर टेबलावर जुनी चादर अंथरतात
आणि दोन रायफली उघडून ठेवतात
सुरमई उभी चिरावी तशा.

"खरटमल, गोळी गेल्यावर मागे काय उरतं?"
आवाज, मी म्हणते.
"आवाज परळपर्यंत जातो. इथं काय उरतं?"
मग स्वतःच सांगतात : धूर.
तापलेला, कोंडलेला, दाराकडे धावणारा.
त्यातला चिमूटभर बॅरलच्या भोकातून वर चोरायचा
आणि त्याच्याच जोरावर पुढचं काडतूस आत घ्यायचं.
चोरी दोघींची एकच.
माल नेण्याच्या वाटा निराळ्या.

हिच्यात पिस्टन.
धूर दांड्याला ढकलतो, दांडा बोल्टला,
आणि धूर तिथल्या तिथे, पुढच्या पुढे बाहेर.
साहेबाच्या केबिनबाहेर शिपायाकडे चिठ्ठी द्यावी तसं :
चिठ्ठी आत जाते, घाम बाहेर राहतो.

तिच्यात शिपाई नाही.
पेन्सिलीहून बारीक नळी
थेट बोल्टच्या पोटात उघडते.
धूर स्वतः आत येतो, सगळी राख घेऊन,
काम करतो,
आणि निम्मा तिथेच मुक्कामाला.

मी दोन्ही उचलून बघते.
पिस्टनवालीचं नाक खाली झुकतं,
पुढे भरलेली बादली अडकवल्यासारखं.
दुसरी हलकी. मरोळच्या रेंजवर
माझ्या पाच गोळ्या तिनेच एका बांगडीत बसवल्या,
कारण तिच्या अंगात मधेच हिसका देणारा दांडा नाही.
पण तिचा बोल्ट काढला
तर बोटं पार कोपरापर्यंत काळी.
शेपटाकडची काजळी ब्रशला दाद देत नाही,
नखाने खरवडावी लागते.

चांगली कुठली, मास्तर?
"पुसणारा कोण आहे, ते आधी सांग."

माझे वडील महापालिकेची शववाहिनी चालवायचे.
केईएम, शीव, कधी थेट भगवतीपर्यंत.
घरी आले की मोरीच्या आधी,
बाहेरच्या नळावर हातपाय,
मग चहा, मग रेडिओ.
एक शब्द आत आला नाही.
आई उलट. तिकडे कुणी रडलं
की इकडे तिचा भात करपायचा,
आठ दिवस तिच्या बोलण्यालाही करपट वास.
आम्ही तिला जपायचो,
पुसायचो म्हणा हवं तर.
वडिलांना काय पुसायचं? स्वच्छच होते.

मास्तर पिस्टनवालीचं तोंड माझ्याकडे फिरवतात.
"ही साफ आहे?"
बोल्ट चकचकीत. साफ आहे, मास्तर.
ते पुढची टोपी फिरवतात. फिरत नाही.
केरोसीनचा बोळा लावतात, दहा मिनिटं थांबतात,
पकड घेतात, दात आवळतात.
आत दांड्याच्या डोक्यावर
दगडासारखा काळा थर.
"धूर आत आला नाही म्हणून धूर नव्हता का?
हिची काजळी पुढे बसते.
पुढे कोण बघतं?"

वडील गेले तेव्हा गॅरेजमधून एक पिशवी आली.
चष्म्याचं घर, आवळासुपारी, टायरगेज,
आणि गाडीच्या पुढच्या खणातली वही :
फक्त नावं. तारीख नाही, पत्ता नाही.
बेवारस असेल तिथे
"निळा शर्ट", "दाढीवाले आजोबा",
एका ठिकाणी नुसतं "लहान".
अकरा वर्षांची पानं.

मी हे मास्तरांना सांगितलं नाही.
केरोसीनने डोळे चुरचुरतात हे त्यांना माहीत आहे.

संध्याकाळी खाडीकडून खारा वारा सुटतो
आणि लोखंड लगेच गंजायचं म्हणतं.
दोघींना तेल,
तिच्या बोल्टला थोडं जास्त,
हिच्या दांड्याला कोरडं फडकं.
रजिस्टरमध्ये मास्तर लिहितात : दोन नग, साफ.
मग "साफ" खोडतात,
वर बारीक अक्षरात : "आज साफ."
सही मी करते.
काळा अंगठा कागदावर उमटतो,
तो तसाच राहू देतात.